तीन अंकांपुरती जागा

मी सदतीस ओळींचा एक प्रोग्राम बोलतोय. दचकू नका, काही बिघडलेलं नाही. निदान आत्ता तरी नाही.

माझं काम फार थोर नाही. फाइलीत आकडे असतात, ओळीला एक. मी प्रत्येक आकडा वाचतो आणि त्याच्यापुढे विसाला एक अशा चांदण्या, म्हणजे कीबोर्डवरच्या * या खुणा, मांडतो. झाला आलेख. रंग नाही, रेघ नाही, माउसशी तर माझी ओळखही नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करा, मी हजर.

मला जन्म दिला कुंड्यांच्या कारखान्यातल्या भट्टीच्या मिस्त्रींनी, हिरव्या अक्षरांच्या एका बोजड कॉम्प्युटरवर. भट्टीचं तापमान त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. आकड्याला त्यांनी तीनच अंकांची जागा दिली. शेजारच्या कारकुनाने विचारलं, "आणि भट्टी हजारावर गेली तर?"

"तर आलेख बघायला थांबतंय कोण? पळायचंच की," मिस्त्री म्हणाले.

त्या कॉम्प्युटरवर मला एका आलेखाला चहा पिण्याइतका वेळ लागे. लोकांना वाटे, विचार करतोय. मग फ्लॉपीवर बसून दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेलो, पेन ड्राइव्हवर बसून तिसऱ्यावर. एक ओळही न बदलता सगळीकडे चाललो, आणि त्याचा मला कोण माज! नव्या यंत्रावर कीवरचं बोट उचलायच्या आत माझं काम संपायला लागलं. तेव्हा कळलं, विचार वगैरे मी कधी करतच नव्हतो.

पुढे कारखान्यात रंगीत आलेख आले आणि मिस्त्री निवृत्त झाले. मी त्यांच्या घरी, लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहिलो.

मग लेक बाळंत झाली, तारखेच्या तीन महिने आधी. नात आठशे साठ ग्रॅमची, काचेच्या पेटीत. परगावच्या त्या हॉस्पिटलात आईखेरीज कुणाला आत सोडत नव्हते, आणि आईनेही फक्त एक बोट लावायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, हजार ग्रॅम भरू देत, मग छातीशी देऊ.

लेक रोज सकाळी तिथून, तिच्या नव्या लॅपटॉपवरून, इंटरनेटने आमच्या फाइलीत बाळाचं वजन लिही. इकडे मिस्त्री मला कामाला लावत.

"अहो, पोरीसाठी काही करायचं सोडून चांदण्या कसल्या काढताय?" मिस्त्रींच्या पत्नी, आमच्या मालकीणबाई, म्हणत.

"दुसरं काय येतंय मला?"

पण आलेख निघाला की त्याही मान पुढे करून बघत. चांदणी वाढली की दोघांना घास गोड लागे. आणि मी? बाळ जणू माझ्यामुळेच वाढतंय, अशा थाटात फुगून बसलेलो.

एका सोमवारी एकोणपन्नास चांदण्या झाल्या. मंगळवारी मी पाच काढल्या.

चष्म्याशिवाय मिस्त्रींना आकडे दिसत नाहीत, चांदण्या दिसतात. त्यांना आता पाचच दिसल्या. लेकीला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. "अगं, आपली पोर..." एवढंच म्हणाले आणि मटकन खाली बसले. त्यांना धीर द्यावा अशी एक ओळ माझ्या सदतीसांत नव्हती.

मालकीणबाईंनी स्वतःचा चष्मा लावला, फाइल उघडायला लावली आणि पडद्यावर बोट ठेवून वाचलं. "एक, शून्य, शून्य, चार. अहो, हजार चार लिहिलंय तिने."

मी पहिले तीन अंक उचलून शंभर समजून बसलो होतो. चौथा अंक म्हणजे काय, मला ठाऊकच नव्हतं. ज्या हजाराची अख्खं घर वाट बघत होतं, तोच मला वाचता आला नाही. कुंड्यांच्या कारखान्यात जन्मलेल्याने ऐन वेळी मातीच खाल्ली.

अर्ध्या तासाने फोन वाजला.

"बाबा, तुमचा फोन कळला होता," लेक अगदी हळू बोलत होती, "पण हात मोकळा नव्हता."

मिस्त्री डोळे पुसून मला दुरुस्त करायला बसले. तीनच्या जागी चार टाइप केले.

"चार कशाला?" मालकीणबाई म्हणाल्या. "पाच ठेवा. वर्षाची होईल तेव्हा लागतील."

तेव्हापासून पाच अंकांची जागा राखून बसलोय. दहा हजार ग्रॅम म्हणजे पाचशे चांदण्या, माझ्या पडद्यावर त्या मावायच्या नाहीत. पुन्हा फजिती होणार, हे नक्की. पण ती होईपर्यंत मला कुणी पुसू नका.