फोटोपुरते हात

वरून आदेश आला, की शाळेच्या प्रत्येक क्रीडाशिक्षकानं जीव वाचवायचं प्रशिक्षण घेतलंच पाहिजे. आणि आदेश आला की आपल्याकडे आधी फोटो काढून होतो. हॉलमध्ये रबरी पुतळा एक आणि शिक्षक हॉलभर. डॉक्टर उशिरा आले, समोसे तेवढे वेळेवर. खो-खो शिकवणाऱ्या चारुशीलामॅडमचा नंबर येईस्तोवर सगळ्यांना घरचे वेध लागले होते.

"मॅडम, छातीवर नुसते हात ठेवा, फोटो घेऊन मोकळे होऊ," संयोजक म्हणाले.

तिनं हात ठेवले. एवढ्या पुरुषांपुढं वाकून पुतळा दाबायची तिला लाजच वाटत होती. सुटले बाई, असं तिला झालं. फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला आणि त्याला भराभर अंगठे मिळाले.

एप्रिलच्या खो-खो शिबिरात, संघातली सगळ्यात चपळ पोर मिनल, पळता पळता खांबापाशी कोसळली. नागपुरात उन्हाळ्यात माणूस पडलं की निदान ठरलेलंच.

"ऊन लागलं वं! कांदा आणा!" शाळेच्या सेविका प्रेमिलाबाई ओरडल्या.

चारुशीलाही तेच म्हणाली. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं, पण तेवढं बघायचं कुणाला सुचलं? मिनलला सावलीत नेलं, कांदा फोडून नाकाशी धरला, तळपायांना चोळला, तोंडावर पाणी मारलं. पाणी गालांवरून ओघळून गेलं. तेव्हा कुठं चारुशीलाला दिसलं, की पोरीची छाती हलत नाही.

कुणाला तरी अँब्युलन्सला फोन करायला सांगून ती गुडघ्यांवर बसली. फोटोतल्यासारखे हात अगदी बरोबर जागी ठेवले. पण पुढं काय? किती जोरानं दाबायचं? फासळी मोडली तर? आंबा पिकला का ते चाचपावं, तसं तिनं हलकेच दाबलं, थांबली, पुन्हा दाबलं. आपल्याला यातलं काहीसुद्धा येत नाही, हे तिला कळलं. भोवती पोरी उभ्या होत्या. कुणी रडतही नव्हतं, कारण मॅडमना येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. ऊन नव्हतं, हृदय थांबलं होतं, म्हणाले.

मिनलचे वडील नानाजी कळमन्याच्या धान्यबाजारातून तसेच धावत आले, अंगावर पोत्यांची धूळ. लेकीपाशी बराच वेळ बसले. बाहेर आले, तर चारुशीला भिंतीला टेकून रडत होती.

"मॅडम, रडू नका," ते म्हणाले. "पोरीले मधामधात भोवळ ये, म्हणून तिची माय शिबिराले धाडत नव्हती. मंग ग्रुपवर तुमचा फोटो आला. म्या म्हटलं, आता काहून भिऊन राह्यली वं? मॅडमले सारं येते." त्यांनी हात जोडले. "तुमच्यानं झालं ते तुम्ही केलंच असन."

सगळं सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

"हो, भाऊ," ती म्हणाली.