काका नावाचा व्हॉल्यूम

२०१७ सालच्या कार्तिकात, कपाशीची बोंडं आतून किडत होती तेव्हा, डोणगावच्या एका शेतकरी संस्थेच्या कार्यालयात, तिथला सर्व्हर सांभाळणाऱ्या अकीलने काळ्या पडद्यावर जागेचा हिशेब दाखवणारी ‘एलव्हीएस’ ही आज्ञा टाइप केली आणि स्नेहलताबाईंना दिसावं म्हणून खुर्ची बाजूला सरकवली.

“हे पाहा काकू. शंभर टक्के. पूल भरला, म्हंजे डिस्कवरची सगळ्यायची सामाईक जागा.”

बाईंनी वाकून पाहिलं. इंग्रजी अक्षरांच्या त्या ओळींत एकच नाव ओळखीचं होतं : काका. त्यांच्या यजमानांना, लक्ष्मीकांतरावांना, अकील याच नावाने हाक मारी.

लक्ष्मीकांतराव कृषी खात्यातून निवृत्त झाल्यावर रोज दुपारी इथे बसून फोनवर शेतकऱ्यांच्या शंका सोडवत. ते सगळं बोलणं सर्व्हरवर साठे, आणि पुढे कुणाला तीच अडचण आली की बटण दाबून ते ऐकता येई. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी बटण दाबल्यावर उत्तर तेच देत. दुपारची आवराआवर झाली की बाई मेहकरच्या घरून फोन लावत, कपाशीचं बटण दाबत आणि ऐकत बसत. घरात बाईंच्या मास्तरकीमुळे ते पुस्तकी मराठी बोलत. फोनवर मात्र अस्सल वऱ्हाडी. तो माणूस बाईंना ते गेल्यावरच भेटला होता.

“पण तू सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला वेगळी जागा दिली होतीस ना?”

“देल्ली होती, पण नावापुरती. थिन पूल असाच असते काकू. एका विहिरीवर पाच भावांच्या मोटारी. ज्याले त्याले वाटते, विहीर आपलीच. आळीपाळीनं चालवल्या तं पाणी पुरते. यंदा अळीनं सगळ्याच मोटारी संगं चालू केल्या.”

“अन् नवी डिस्क अकोल्याहून येऊन राह्यली, येऊनच राह्यली,” दारातून संस्थेचे सचिव गुलाबराव म्हणाले. “बैलगाडीनं निंघाली वाटते.” मग त्यांनी आवाज उतरवला. “बाई, सकाळपासून एक फोन टिपल्या गेला नाही. लोकं अळीचं विचारून राह्यले अन् मशीन मुकं. काकांचा व्हॉल्यूम, म्हंजे त्यायच्या बोलण्याचा कप्पा, सगळ्यात मोठा आहे. तो काढाच लागते.”

“नाही,” बाई म्हणाल्या. एवढंच सांगायला त्या एसटीने आल्या होत्या.

“थोड्या फाइली पुसून पाह्यल्या मी,” अकील खालमानेने म्हणाला. “पण काका गेले तवा भेवापोटी त्या कप्प्याचा स्नॅपशॉट, म्हंजे जशीच्या तशी छबी, घेऊन ठेवला होता. फाइल पुसली तरी स्नॅपशॉट तिची जागा धरूनच ठेवते. आता दोन्ही काढल्याशिवाय पूल मोकळा होत नाही.”

“आधी मला ऐकव.”

अकीलने सापडेल ते लावलं. सुलतानपूरचा कुणी पुंजाजी अळीबद्दल विचारत होता. मग तो आवाज आला, मोकळा, हसरा.

“अहो पुंजाजी, बीटी लावली ना तुम्ही? मंग काऊन भेता? बीटीच्या बोंडात अळी जात नाही. फवारा ठेवून द्या घरात अन् झोपा निवांत.”

बाईंना हसू आलं. ते ओठांवरच राहिलं.

“हे कधीचं?”

“बारा सालचं. तवा बरोबरच होतं ते. आता अळी बीटीलेबी दाद देत नाही.”

“आणि आता बोंडअळीचं बटण दाबलं की?”

अकीलने की-बोर्डवरची धूळ बोटाने पुसली.

“हेच लागते. काकांच्या जागी आलेल्या नव्या साहेबाचं कोणी आयकतच नाही काकू. लोकायले काकांचाच आवाज पाहिजे.”

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. काचा स्वच्छ झाल्या तरी त्या पुसतच राहिल्या.

“काढून टाक.”

“तुमच्यासाठी उतरवून घेतो सगळं. संध्याकाळ होईन, पण—”

“तोवर फोन मुकाच राहील. एखादंच दे. ज्यात सल्ला नाही असं.”

तसं सापडेना. सगळीकडे खत, पाणी, फवारणी. शेवटी एक अगदी छोटी फाइल निघाली. फोन लावणारा काही बोललाच नव्हता. नुसता शेतातला वारा होता, आणि मग—

“हॅलो. बोला ना भाऊ. मी आयकून राह्यलो.” मध्ये बरीच शांतता. “सावकाश बोला. मले घाई नाही.”

तेवढं अकीलने बाईंच्या मोबाइलवर घातलं. मग पहिली आज्ञा लिहिली. खरंच काढायचं का, असं मशीनने विचारलं, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. बाईंनी होकाराची मान हलवली. आधी स्नॅपशॉट गेला, मग व्हॉल्यूम. पुढचा फोन वाजला तो नीट टिपला गेला.

नवी डिस्क आली, पण ती भरायची वेळच आली नाही. लोक मोबाइलवर अळीचे फोटो पाठवून विचारू लागले आणि संस्थेचा फोन बंद पडला. गुलाबराव दोन वर्षांनी वारले. अकील नागपूरला एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. मेहकरचं घर विकून स्नेहलताबाई पुण्याला मुलाकडे, विहंगकडे राहायला गेल्या.

विहंग एकदा दुपारी लवकर घरी आला. आईच्या खोलीतून बोलणं ऐकू येत होतं. कुणाचा तरी फोन असेल असं वाटून तो दाराशीच थांबला. आत मोबाइलमधून बाबांचा आवाज आला, “सावकाश बोला. मले घाई नाही.”

“कपाशी कुठी दिसत नाही आता डोणगावकडे,” आई सांगत होती, “सगळं सोयाबीनच लावलं लोकायनं.”