वरच्या ओढ्याची पारख

दरीत त्याला सगळे पारखी म्हणत. ओढ्यातली वाळू परातीत घ्यायची, पाण्यात गोल फिरवत हलकी रेती सांडून द्यायची आणि तळाशी सोन्याचा कण उरतो का बघायचं, एवढंच त्याचं काम. पण तो "आहे" म्हणाला की लोक कुदळी उचलत आणि "नाही" म्हणाला की बिऱ्हाड गुंडाळत. एवढा मान मिळाल्यावर माणसाचं नाक थोडं वर चढायचंच. त्याचं जरा जास्तच चढलं होतं.

धाकट्या भावाने वरच्या ओढ्यात सोनं काढायचा पट्टा घेतला, तेव्हा पारखी साऱ्या गावादेखत तिथे गेला. तीन पराती धुतल्या. तिन्ही कोरड्या.

"दादा, परात एकदा निखाऱ्यावर भाजून घेऊ आणि पुन्हा बघू का?" धाकट्याने हळूच विचारलं.

"आता तू शिकवणार मला? परात धरायला कुणी शिकवलं रे तुला?"

लोक हसले. धाकटा खाली मान घालून उभा राहिला. महिन्याभराने पट्टा सोडून तो डोंगरापलीकडच्या दगडखाणीत कामाला लागला. नऊ वर्षं धूळ खाऊन त्याने छातीचं खोकं करून घेतलं.

आणि परवा, त्याच ओढ्यात परक्या माणसांना सोनं लागलं.

"नशीब त्यांचं," पारखी घरी कुरकुरला. बायको त्याच्या दुखऱ्या गुडघ्यांना तेल लावत होती. ती सहज म्हणाली, "भावजींच्या ओढ्यावर गेलात त्या दिवशीही तुम्ही असंच तेल चोळून घाईने निघाला होतात. हात तरी धुतले होते का?"

पारखीने आपले तळहात उलटे करून पाहिले. तेलाचा हात लागला की बारीक सोनं बुडत नाही, पाण्यावर तरंगून रेतीबरोबर निघून जातं. परात भाजतात ती त्यासाठीच. नवशिक्यालाही हे ठाऊक असतं. आपण मातीच खाल्ली होती, आणि तीही सख्ख्या भावाच्या वाट्याची.

सकाळी उठून तो खाणकामगारांच्या चाळीत गेला. धाकटा खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. पारखीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "पाण्यावर तवंग दिसला होता मला."

"अरे, मग बोलायचं नाहीस का?"

"बोललो की."

पारखीला त्याच्याकडे बघवेना. "निदान मागाहून एकटं जाऊन बघायचंस."

धाकट्याला खोकल्याची उबळ आली. ती जिरेपर्यंत बराच वेळ गेला.

"दुसऱ्याच दिवशी गेलो होतो. पहिल्याच परातीत सोनं दिसलं. पण ते गावाला दाखवलं असतं, तर तुला तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हटलं, घरी गेल्यावर दादाच्या लक्षात येईल, तो आपणहून परत येईल. काम सुरू करायला महिन्याची मुदत होती. रोज ओढ्यावर जाऊन बसायचो."

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या, तर पारखीला बरं वाटलं असतं. धाकट्याने पाय आखडते घेतले आणि दादाला बसायला खाटेवर जागा करून दिली.