पहिली कळी

“अहो, पुन्हा खुडलीत?”

झारी हातात तशीच धरून काकू दारात थबकल्या. वाफ्यापाशी उकिडवे बसलेले माळीबुवा शांतपणे मागे वळले. त्यांच्या तळहातावर झिनियाच्या हिरव्या कळ्या होत्या, चांगल्या मूठभर.

“पहिली कळी ठेवायची नसते,” ते म्हणाले. “खुडली की झाड बाजूंनी फुटतं. मग बघ कसं फुलतं ते.”

काकूंनी कपाळावर हात मारला. बोलणं सोळा आणे खरं होतं, तीच तर पंचाईत! पहिली कळी कधीच खुडून झाली होती. पण माळीबुवांना रोज सकाळी दिसायची ती पहिलीच.

जन्मभर त्यांनी शहराच्या मोठ्या बागेत नोकरी केली. उन्हाळ्यात तिथले वाफे असे रंगायचे की नवी जोडपी फोटो काढून घ्यायला यायची. आणि घरी? दिव्याखाली अंधार. दारापुढे उघडी माती आणि कपडे वाळत घालायची दोरी. काकू कुरकुरल्या की उत्तर ठरलेलं, “रिटायर झालो की तुझ्या दारात असा वाफा करतो, गल्ली बघत राहील.”

रिटायर झाले, आणि पाठोपाठ विसरही आला, मुक्कामच ठोकून बसला. तरी यंदा त्यांनी दोरी धरून, वीतवीत अंतर सोडून रोपं लावली, बुडाशी वाळलं गवत पसरलं. हात काही विसरले नव्हते. आणि गल्ली खरंच बघत राहिली. झाडं गुडघ्याच्या वर गेलेली, गच्च, आणि फूल म्हणाल तर औषधालासुद्धा नाही!

“काकू, ही भाजी कसली हो?” शेजारणीने कुंपणावरून विचारलं होतं.

“माझ्या नशिबाची,” काकू म्हणाल्या होत्या.

त्यांनी उपाय कमी केले नव्हते. वाफ्यावर जुनी चादर पसरली, तर माळीबुवांनी ती काढून, नीट घडी करून कपाटात ठेवली. वर विचारलं, “झाडांना ऊन नको का?” मुलगी फोनवर म्हणाली, “आई, बाबांना दुसऱ्या कामात गुंतव.” गुंतवलं. सोलायला दिलेले वाटाणे ते मागच्या दारी पेरून आले.

शेवटी काकूंनी एकच कळी पानांआड दडवली होती. रोज हळूच वाकून बघायच्या. काल तिच्या टोकाला गुलाबी रंग दिसला होता. आज ती गुलाबी कळी माळीबुवांच्या तळहातावर होती.

“हीसुद्धा?” काकूंचा आवाज चढला. “काल खुडल्यात, परवा खुडल्यात, रोज खुडता तुम्ही! माझा जन्म गेला वाट बघण्यात!”

“काल?” माळीबुवा गोंधळले.

ते झाडाकडे वळले. पानं बाजूला सारून त्यांनी देठावरून बोट फिरवलं. “इथे खुडलंय,” ते पुटपुटले. “इथेही. ही जखम जुनी आहे.” एक झाड, दुसरं, तिसरं. मग बोट थांबलं.

“मीच ना गं?”

काकूंनी मान डोलावली.

“तुझ्या दारातला वाफा होता हा,” माळीबुवा म्हणाले. हातातली गुलाबी कळी ते तुटल्या देठाला पुन्हा लावून बघत होते. इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. राग कुठल्या कुठे गेला, आणि आपल्याच जिभेची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू झारी घेऊन बाहेर आल्या, तेव्हा माळीबुवा वाफ्यापाशी बसलेले होते. चेहरा ताजा, कालचं काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं.

“बघ, कळ्या धरल्या!” ते हरखून म्हणाले. “पहिल्याच ना?”

काकूंनी झारी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

“हो, पहिल्याच,” त्या म्हणाल्या. “खुडा.”

आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.