कपात उरलेली कॉफी

मी एक जुना, कान तुटलेला कप आहे. पण मित्रांनो, कान तुटला म्हणून मला ऐकू येत नाही असे समजू नका. या घरातले सगळे मी ऐकून आहे.

मातीतून घडलो, भट्टीत भाजलो, अंगावर एक निळी रेघ ओढून घेतली आणि दुकानाच्या फळीवरून थेट एका शिंप्याच्या घरी आलो. पुढच्या खोलीत बाबांचे शिवणयंत्र, मागे आईचे स्वयंपाकघर. बाबा माझ्यातून काळी कॉफी पीत. पीत म्हणजे काय, दोन घोट घेतले की कोणीतरी पँट आखूड करायला यायचे आणि अर्धी कॉफी माझ्यात तशीच निवत राहायची.

केकसाठी मैदा आणि साखर मोजायला आईला मीच लागे. ती मला पुढच्या खोलीतून उचलून आणी, उरलेली कॉफी फुकट कशाला घालवायची म्हणून मनुका, खजूर आणि जर्दाळूच्या तुकड्यांवर ओते, मला धुऊन पुसे आणि मापाला लावी. मग लोणी-साखर फेसायची, दोन अंडी, मैदा, टम्म फुगलेली फळे, आणि सगळे ओव्हनमध्ये. त्याचा वास शिवलेल्या कपड्यांनाही लागे. गिऱ्हाइके कपडे न्यायला उगाच लवकर येत. "तुमच्या हाताला चव आहे," असे जो तो आईला म्हणे. माझे नाव कोणी घेत नसे, पण मापाला कोण विचारतो.

एके दिवशी नळावर आपटून माझा कान तुटला. आई मला टाकून देणार होती, पण बाबांनी तिच्या हातातून काढून घेतले. "राहू दे. बटणं ठेवायला होईल." त्याच सुमारास डॉक्टरांनी त्यांची कॉफी बंद केली. स्वयंपाकघरात नवा कप आला आणि आई फळे साध्या पाण्यात भिजवू लागली.

केक फुगायचा, पण ती गंमत नव्हती. सुट्टीला आलेल्या लेकीने, म्हणजे आमच्या ताईने, "छान झालाय गं," म्हणत एकच तुकडा खाल्ला. पूर्वी ती भांड्याच्या कडासुद्धा खरवडून खायची. आई पुढच्या खोलीत येऊन बाबांजवळ बसली. "माझ्या हाताची चव गेली हो. तिच्या वाढदिवसाला शेवटचा करून बघते. नाही जमला तर यापुढे बेकरीतूनच आणू."

मला फार वाईट वाटले. कारण मला ठाऊक होते. पण कपाला कान असतो, जीभ नसते.

वाढदिवशी सकाळी मनुका भिजत घालून आई अंडी आणायला गेली. बाबांना संधी सापडली. त्यांनी माझ्यातली बटणे टेबलावर ओतली, मला स्वयंपाकघरात नेऊन घाईघाईने विसळले आणि चोरून कॉफी केली. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात ऊब आली. पण दोन घोट होतात न होतात तोच दार वाजले. बाबा गडबडले आणि सारी कॉफी समोरच्या वाडग्यात ओतून मोकळे झाले. वाडगा मनुकांचा होता. माझ्या तळाला चिकटलेले एक काळे बटणही त्यात गेले. मनुकांत ते दिसणार कुठून? आईला सर्दी झाली होती, म्हणून वासही आला नाही.

संध्याकाळी ताईने दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. "आई, अगदी पूर्वीसारखा."

आईचे डोळे भरून आले. "म्हणजे हात शाबूत आहे माझा."

इतक्यात ताईच्या दाताखाली काहीतरी कचकन आले. तिने बटण काढून ताटलीत ठेवले. आईने बटणाकडे पाहिले, मग बाबांकडे.

शर्टाचे तुटून पडले असेल, असे बाबांना सहज म्हणता आले असते. चोरीही झाकली गेली असती. पण मग पुढचा केक पुन्हा फिका झाला असता आणि आईने हाय खाल्ली असती. ते खाली मान घालून म्हणाले, "हात तुझाच आहे गं. कॉफी तेवढी माझी असायची."

आईने कपाळाला हात लावला. "म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्या गिऱ्हाइकांना तुमची उष्टी कॉफी खाऊ घातली?"

ताई हसून हसून लोळली. आईही हसली, मग डॉक्टरांची आठवण येऊन रागावली, आणि पुन्हा हसली.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती आजवर काय काय सांभाळत होती, ते एकदा आठवून पाहा. आता बटणे डब्यात गेली आहेत आणि मी स्वयंपाकघरात परतलो आहे. केकच्या दिवशी आई माझ्यात ताजी कॉफी करते. आधी मनुकांवर ओतते, तळाशी दोन घोट ठेवते आणि मला पुढच्या खोलीत नेऊन देते. आता उरलेली कॉफी बाबांच्या वाट्याला येते. मला कान नाही ना, म्हणून ते मला दोन्ही हातांनी धरतात.