पंचनाम्यावरची सही

दामूकाकांनी फाटकाची साखळी सोडवली, पण फाटक उघडलं नाही. फटीतूनच विचारलं, "साहेबांची चिठ्ठी हाय?"

"कुठल्या साहेबांची? तीन वर्षांत एकदा तरी आले का ते?"

"नाय आले. पन तुला आत घेतली तर माझी नोकरी जाईल गो."

"मग तुम्हीच बाहेर या," संघरत्ना म्हणाली.

वाशिंदचा हा कारखाना बुडाला, तेव्हा जे होतं नव्हतं ते विकायला सरकारी हुकमाने एक अवसायक नेमला गेला; दामूकाकांचे साहेब ते हेच. बाबा इथे लेथ मशीनवर कामाला होते. त्यांच्या लॉकरमध्ये त्यांची स्वतःची हत्यारं होती; मायक्रोमीटर तर लग्नाआधी घेतलेला. 'ही माझी आहेत, कंपनीची नाहीत,' अशी अवसायकाला अकरा पत्रं त्यांनी संघरत्नाकडून लिहून घेतली. उत्तर आलं नाही. लॉकर भंगारात गेले. म्हसा गावच्या जत्रेच्या आठवड्यात बाबाही गेले.

उत्तर आलं ते त्यानंतर. दोन ओळींचं. लॉकर रिकामे असल्याचा पंचनामा पहारेकरी दामू गोजर यांनी सहीनिशी दिला आहे, जबाबदारी त्यांची.

दामू गोजर! वीस वर्षं बाबांच्या डब्यात जेवलेला माणूस.

तिने रात्री जागून वाचून काढलं होतं. इंग्लंडात असा अवसायक चुकला, तर कोर्ट त्याच्या खिशातून भरपाई घेऊ शकतं. अमेरिकेत नेमतानाच भरपाईची हमी लिहून घेतात. इथेही दुसऱ्याची वस्तू विकायची मुभा नाही; पण 'सद्हेतूने केलं' म्हटलं, की पुढचं दार लोटायला माणसाचा जन्म जातो. शेवटी तिने अवसायकाविरुद्ध तक्रार टाइप केली. एक प्रत दामूकाकांना द्यायची, पोच घ्यायची, एवढ्यासाठी ती आली होती.

काका बाहेर येऊन दगडावर टेकले.

"लॉकर उघडून बघितले होते तुम्ही?"

"किल्ल्या कुठं व्हत्या माझ्याकडं? हापिसातून मानूस आला. कागद पुढं केला, म्हनला, कर सही. केली."

"काय लिहिलं होतं त्यावर?"

"चष्मा नव्हता. आनि साहेबाच्या कागदाला काय इचारायचं?"

 तिने फाइलमधून तक्रार काढली. ती पाहताच काकांनी खिशातलं पेन काढून दातांनी टोपण उघडलं.

"तुझ्या बापाच्या, काळूच्या कामाचा हाय ना? दे. कुठं करू?"

कागद त्यांनी गुडघ्यावर पसरलासुद्धा. संघरत्नाने त्यावर पटकन तळहात ठेवला.

"थांबा काका. आधी वाचून दाखवते."

"वाचायचं काय त्यात? काळूची पोर तू."

"तरी."

ती शेजारी बसली. पहिल्या ओळीपासून सावकाश वाचू लागली. बाबांचं नाव आलं, तेव्हा काकांनी मान हलवली. तिसऱ्या परिच्छेदात 'खोटा पंचनामा देणाऱ्या पहारेकऱ्यावरही कारवाई व्हावी' असं होतं. 'पहारेकऱ्यावरही' एवढं वाचून ती थांबली.

काकांनी पेनाला टोपण लावलं, पण पेन खिशात ठेवलं नाही.

"वाच की," ते म्हणाले. "ऐकतोय मी."