गुडघ्यांचा शेक

थोरल्या बाईंनी त्याचे नाव पहिल्याच दिवशी ठेवून टाकले होते: टकल्या. अंगावर केसाचा पत्ता नाही. डोक्यावर तेवढा एक झुपका आणि पावलांवर मोजे चढवल्यासारखी लव. "कुत्रा आणलास की सोललेली कोंबडी?" असे त्यांनी मुलाला सर्वांदेखत विचारले होते, आणि माझ्या खोलीत याचे पाऊल पडता कामा नये, असे बजावलेही होते.

मुलगा बोटीवर नोकरीला, महिनोन्‌महिने बाहेर. त्यामुळे टकल्याची सारी उस्तवार सुनेच्या गळ्यात. कोमट पाण्याची अंघोळ, कातडी फुटू नये म्हणून लोशन, उन्हात नेताना मलम, गारठ्यात स्वेटर. "माझ्या पोरांचे एवढे लाड कधी झाले नाहीत," थोरल्या बाई ऐकवत.

सून दुपारी शिवणाचा वर्ग घ्यायला गेली, की मात्र घरात निराळेच चाले. थोरल्या बाई पलंगावर पाय पसरत आणि हळूच म्हणत, "ये रे, टकल्या." त्या उघड्या, ऊबदार अंगासारखा शेक कुठल्याही गरम पिशवीने मिळत नसे. आपले गुडघे दुखतात, हे त्यांनी कोणाला कळू दिले नव्हते. लंगडणाऱ्या बाईचा हुकूम घरात चालत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. गुडघ्यांच्या मलमाची नळीही लोकरीच्या गुंड्यांखाली दडवलेली असे.

त्या दिवशी मलम लावून त्यांचा डोळा लागला, आणि नळी पलंगावरच राहिली. जाग आली तेव्हा ती चावून चोथा झालेली होती. त्यांनी ती घाईघाईने बटव्यात कोंबली. इतक्यात वर्गावरून नुकत्याच परतलेल्या सुनेची किंकाळी स्वयंपाकघरातून आली.

टकल्या फरशीवर आडवा पडला होता. बाजूला रक्ताने काळपट झालेली ओकारी. केसाळ जनावराचे दुखणे थोडे तरी झाकून राहते. याचा प्रत्येक शहारा कातडीवर उघडा दिसत होता.

"आई, बघा हो, याला काय झालंय!"

थोरल्या बाई बटवा मुठीत धरून उठल्या. "रडतेस काय? गाडी बोलाव. मी येते," एवढेच त्या म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी ओकारीचे ऐकून घेतले, टकल्याच्या फिकट पडलेल्या हिरड्या पाहिल्या. "काय गेलंय याच्या पोटात?"

"माझंच चुकलं," सून रडकुंडीला आली. "उन्हाचं मलम सकाळी जरा जास्तच लावलं, तेच चाटलं असणार. हे परत आल्यावर मी यांना काय तोंड दाखवू?"

"ते मलम कुत्र्यांसाठीचंच आहे. त्याने असं रक्त पडत नाही. घरात कोणाला सांधेदुखी? त्यावरची औषधं कुत्र्यांना विषासारखी असतात."

"छे हो! आमच्या आई तर ठणठणीत आहेत. जिना आमच्या आधी चढतात."

थोरल्या बाईंचा बटवा मुठीत घट्ट झाला. आता तोंड उघडले तर सारी उमर जपलेला रुबाब या टेबलावरच उतरणार होता. आणि नाही उघडले तर?

टकल्याने कशीबशी मान वळवली. ओळखीचा हात दिसताच जीभ बाहेर काढून त्यांची बोटे चाटायला गेला. निखारा लागावा तसा त्यांनी हात मागे ओढला. "चाटू नकोस, मेल्या!"

सून पाहतच राहिली. "आई?"

"बोटांना मलम आहे. गुडघ्यांचं." बटव्यातली नळी त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवली. "रोज लावते. हा रोज दुपारी माझ्या गुडघ्यांना टेकून निजतो. आज नळीच खाल्लीन."

"तुमच्या खोलीत?"

"हो, माझ्या खोलीत! नंतर विचार काय ते. डॉक्टर, तुम्ही आधी कामाला लागा."

डॉक्टरांनी नळीवरचे नाव वाचले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. भराभर सुई टोचली गेली, सलाईन लागले. "कळलं ते बरं झालं. पण पोटात जखम आहे. मूत्रपिंडं तग धरतात का, हे आत्ता सांगता येणार नाही."

थोरल्या बाईंनी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात साबणाने घासले, पुन्हा घासले. मग परत येऊन तळवा टकल्याच्या उघड्या पोटावर ठेवला. नेहमी गरम असणारे ते अंग गार लागत होते. कातडीखाली एक ठोका पडे, आणि पुढचा येईपर्यंत त्यांचा श्वास अडकून राही.

"आई, बसा जरा," सून हळूच म्हणाली. "गुडघे दुखत असतील."

"दुखताहेत," थोरल्या बाई म्हणाल्या. "हात दे मला."

सुनेने हात दिला. त्याच्या आधाराने त्या बसल्या, पण दुसरा हात त्यांनी टकल्यावरून उचलला नाही.